दिलीपचे नऊ प्रश्न

वहिनी, आणि दिलीपच्या शोकसभेला इंदिरानगरच्या या हॉलमध्ये जमलेले आपण सगळे. बोलायला उभा राहिलो खरा, पण भाषणाची मला सवय नाही. सांभाळून घ्या.

दिलीप आणि मी दहा वर्षं भागीदार. दवाखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम केला होता. पेशंटचं नाव, आजार, कोणतं औषध सोसत नाही, सगळं कॉम्प्युटरवर. प्रोग्रॅम दोघांचा, पण भांडण एकाच गोष्टीवरून. तो मशीनवर चढवताना डॉक्टरांना प्रश्न विचारायचे की नाही?

तुम्हाला हसू येईल. पण यावर आम्ही महिने महिने भांडलोय हो!

आधी प्रोग्रॅम चढत असताना प्रश्न अधूनमधून यायचे. मनमाडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर सीडी घालून जेवायला गेला. दोन तासांनी येऊन बघतो, तर मशीन तिथंच. "प्रिंटर कोणता?" असं विचारून वाट बघत बसलेलं. तेव्हापासून दिलीपनं नऊच्या नऊ प्रश्न सुरुवातीलाच घेतले. म्हणाला, एकदाच काय ते विचारायचं, मग माणूस खुशाल चहाला जाऊ दे.

मी म्हणायचो, अरे, विचारतोस कशाला? ज्यानं प्रोग्रॅम अजून वापरलाच नाही, तो उत्तरं कुठून देणार? देवळ्याचा कंपाउंडर तर म्हणाला होता, "भाऊ, लय इचारतंय हे. सोयरीक जमवायला आलंय का?"

दिलीप पोट धरून हसला. मग म्हणाला, जे आपल्याला ठरवता येतं ते विचारू नये. जे फक्त त्यालाच ठाऊक आहे, ते विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

पटलं का मला? छे! मी हट्टी. पुढच्या सीडीतून मी सगळे प्रश्न काढून टाकले. त्याला न सांगता. त्यातला एक होता, जुनी माहिती ठेवायची का? मी धरून चाललो की मशीन नवंच असणार.

ती सीडी देवळ्याला गेली. मशीन जुनं होतं, आमचा प्रोग्रॅम आधीपासून असलेलं. चार वर्षांच्या पेशंटची माहिती पुसली गेली.

डॉक्टरसाहेब, तुम्ही देवळ्याहून आलात, समोर बसलात. दिलीप तुमच्याकडे अकरा दिवस राहिला. केसपेपर काढून एकेक नाव त्यानं पुन्हा भरलं. तुम्हाला म्हणाला, चूक माझी, विचारायचं राहून गेलं. साहेब, चूक त्याची नव्हती. माझी होती. वहिनी, तुम्हीही हे आज पहिल्यांदा ऐकताय. मला लाज वाटते.

परत आल्यावर त्यानं प्रश्न पुन्हा घातले. पण नऊ नाही, चारच. उरलेल्या पाचांबाबत तुझं खरं होतं, म्हणाला. असा माणूस!

आणि मला? का केलंस, असं त्यानं मला एकदाही विचारलं नाही. जन्मभर विचारत आलेला माणूस, नेमका इथंच गप्प का बसला? त्याला उत्तर ठाऊक होतं? की मी आपणहून सांगेन म्हणून थांबला होता? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आता कुणाला विचारू?

डॉक्टरसाहेब, सभा संपल्यावर मी दाराशी थांबतो. तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा. त्याआधी दिलीपसाठी आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं, काही न बोलता.