उलट्या आट्यांचा स्क्रू

नाही नाही, इतक्यात पिशवीत घालू नका — बसा, पंख्याखाली बसा. नकलीच आहे, ते मघाशीच सांगितलं ना? तुमचं तोंड उतरलेलं दिसलं मला. पण मन खट्टू करू नका, पिस्तूल देखणं आहे. आमच्या घरात दोन पिढ्या असंच नकली घडवायचं काम — नाटकवाल्यांना द्यायचं, संग्रहालयाच्या काचेमागं ठेवायला द्यायचं — त्यामुळं खऱ्याची ओळख आम्हाला मागच्या दारानं झाली. खरी वस्तू झिजते कशी? एकाच जागी, मालकाचा अंगठा पडतो तिथं. नकली बिचारी सगळीकडून सारखीच झिजवलेली. गंजाचंही तसंच. खरा गंज लोखंड खातो, हा नुसता वर बसलाय, बघा, नखानं निघतोय. आणि वास घ्या. व्हिनेगर! अजून उडालेलं नाही, म्हणजे काम ताजं आहे.

हळू बोलतोय का मी? हो, जरा हळूच बोलू या. आत वहिनी आहेत, थोरल्या भावाची बायको. लाकडाला पॉलिश आणि सगळी जुळणी पूर्वी त्यांच्याकडंच असायची. आता डोळे अधू झालेत, पण कान तिखट.

कुठं घेतलंत म्हणालात? बंदराच्या बाजारात. विकणारा कसा होता? म्हातारा — म्हणजे माझ्याएवढा की जास्त? नाही आठवत. असू द्या, उगीच विचारलं. वस्तू कुठल्या हातानं पुढं केली, तेही नसेलच आठवत.

ही घोड्याभोवतीची कमान बघा. हिचा स्क्रू मघाशी सोडवायला गेलो तर ढिम्म हलेना. कुणीही म्हणेल, गंजलाय. पण माझा हात आपसूक दुसरीकडं वळला — आणि आला की हो बाहेर, लोण्यातून केस काढावा तसा! परत बसवलाय मी तो. उलटे आटे. ही आमच्या वडिलांची शिस्त. प्रत्येक नगात एक स्क्रू उलटा कापायचा, म्हणजे उद्या कुणी आमचं काम अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं तर आपल्याला ओळखता यावं. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही हे. आता तुम्हाला झालं — जाऊ द्या, तोंडातून निसटलं.

छे, मी नाही केलेलं. आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे बघा, कसे कललेत. मी उजवा. दादा डावरा होता. मला म्हणायचा, 'तुझा हात उजवा, पण काम डावं!' होता — होताच म्हणायची सवय लागलीय. माल पोचवायला गेला नि होडी उलटली. देह काही मिळाला नाही. वहिनींचे केस काळे होते तेव्हा. त्यानंतर दाराला कडी म्हणून लावू द्यायच्या नाहीत — 'ते आले तर?' त्याची कानस तेल लावून, पुसून ठेवायच्या. आणि गेल्या थंडीत एक दिवस आपणहून मला आणून दिली — 'भाऊजी, वापरा आता, लोखंड पडून खराब होतं.' संध्याकाळी कडी लागल्याचा आवाज ऐकला मी. माणूस शांत झालंय हो. दोन घास जेवतात, झोपतात. आता काय सांगू त्यांना — की बुडाला नव्हताच, नुसता आला नाही? त्यापेक्षा बुडाला असता तर... बघा, पाठच्या भावाच्या तोंडी हे शोभतं का?

म्हणून म्हणतो, घेऊन जा हे. आणि पुन्हा या बाजूला — अं? हो वहिनी! गिऱ्हाईक आहेत. जुनंच हो, अस्सल! शंभरएक वर्षांचं असेल, नशीब काढलंय साहेबांनी — मान हलवा ना साहेब — चहा ठेवा तिथंच, हात कशाला लावताय, गंज लागेल. बघायचंय? बघा. बघण्यासारखं काय आहे त्यात...

वहिनी, स्क्रू ड्रायव्हर कशाला? नाही निघत तो. गंजलाय. मी करून पाहिलंय —

उलटा फिरवलात.

साहेब, तुम्ही निघा आता. नाही, पिस्तूल राहू द्या इथंच. आणि जाताना दार ओढू नका. उघडंच असू दे.