पावसाळ्याआधी खणलेली कबर

मी शांतवन, घोटावड्याच्या अलीकडं मिशनची जागा हाय तितला माळी, आन कुणी गेलं की खड्डाबी मीच घेतो. बाप नगरकडनं हितं खडी फोडाय आला, मीबी लहानपणापासनं दगडाच्या धुरळ्यात, त्यो धुरळा अजून छातीत हाय, ऐकताय न्हवं खोकला. आमाला खाणीतनं बाहेर काढलं ते बिशपसाहेबांनी, तवा ते बिशप न्हवते, नुसते तरणे फादर, सायकलीवर यायचे, चिखल असला की सायकल खांद्यावर. बापाला त्यांनीच मातीआड केलं, माझं लगीन त्यांनीच लावलं, मग त्यांना बिशप केलं, हातात काठी आन बोटात अंगठी, पुण्याला गेले. पोरांना दृढीकरण द्याय, म्हंजी डोक्यावर हात ठेवून धर्मात पक्कं कराय, वरसातनं एकदा यायचे. मला वाटायचं आता कशाला वळखत्यात, तर गाडीतनं उतरल्या उतरल्या इचारायचे, शांतवन कुटंय, गुलाब जगलं का. काय सांगू तुमाला, लई माया.

म्हातारपणी रिटायर होऊन ते हितंच राहाय आले. सकाळची मिस्सा, म्हंजी चर्चमधली उपासना, झाली की कबरस्तानात चक्कर, माझ्या मार्थापाशी जास्तच थांबायचे. मार्था म्हंजी माझी बायको, कुंपणाच्या कडंला पयलीच कबर तिची. आन तितंच गेल्या उन्हाळ्यात माणसं आली, तीन पायाची दुर्बीण लावली, लाल खुंट ठोकून गेली. रस्ता रुंद हुणार म्हणं, हिंजवडीच्या गाड्या मावंनात. एक खुंट मार्थाच्या उशाला. मी उपटला, दुसऱ्या दिशी परत तितंच, आणखी खोल ठोकलेला.

बिशपसाहेबांनी अर्ज केले, हापिसं पालथी घातली, काय झालं न्हाई. मग एकदा त्या खुंटावर हात ठेवून म्हणाले, शांतवन, जिवंत बिशपचं कोणी ऐकत नाही, मेलेल्याला उकरायला मात्र घाबरतील, मला मार्थाच्या शेजारी पुर. आन आत्ताच खणून ठेव म्हणाले, खाली कातळ हाय, पावसात खणता येणार न्हाई, मग खड्डा न्हाई म्हणून मला पुण्याला नेतील.

माझ्या बापाचं सांगणं व्हतं, माणूस जाईस्तवर खड्डा घ्यायचा न्हाई, रिकामा खड्डा माणूस मागतो. मी हे बोललो तर रागावले, एवढी वर्षं मिस्सा ऐकून हेच शिकलास का. बरं, आधी लिवून तरी द्या म्हणलो. तर म्हणाले, तू खण, तवर मी चिठ्ठी लिहितो. मी खणला. माप कसं घ्यायचं, त्यांना आडवं पडा म्हणायचं का. आमी दोघं एकाच उंचीचे, म्हणून मीच उतरून पडून बघितलं. वर मार्थाचा क्रूस दिसत व्हता आन लाल खुंट.

त्याच आठवड्यात मिस्सा करताना त्यांच्या हातातनं पेला पडला. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. टेबलावर चिठ्ठी सापडली, वर तारीख आन खाली कायबी न्हाई. मला भ्या वाटलं, अजूनबी वाटतंय, खड्डा मीच घेतला की.

नवे फादर चांगले हायेत, पण म्हणत्यात, बिशपला पुण्याच्या मोठ्या चर्चमधीच पुरायची रीत हाय, लेखी असंल तर दाखव. आता मी काय दाखवू.

परवा त्यांच्या खाटेपाशी बसलो, म्हणलो, साहेब, डोळ्यानं तरी सांगा, खड्डा ठेवू का बुजवू. मला खोकल्याची उबळ आली, थांबंचना. तवा त्यांनी डावा हात उचलला, माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, मग माझे दोन्ही तळहात उघडाय लावले, त्यांच्यावरबी काढला. आमच्या घरांत कपाळाला आन तळहाताला असं करताना मी फकस्त मरणाला टेकलेल्या माणसालाच बघितलंय. त्यांच्या डोळ्याचं पाणी उशीवर गळत व्हतं.

मला काय ते कळलं, खड्डा आधी मलाच लागणार. माझं काय न्हाई, मार्थाच्या शेजारी निजाय मिळंल, मापबी माझंच हाय. पण माळ्यासाठी कुणी रस्ता वळवत न्हाई, बिशपसाहेब शेजारी नसतील तर मला आन मार्थाला उकरतील. म्हणून तुमाला कागद-पेन घेऊन बसवलं आन हे सांगितलं. मला हितं पुर असं बिशपसाहेब सोताच्या तोंडानं म्हणाले, हेवढं ठळक लिवा, दुसरा कागद न्हाई. चला, देव तुमचं बरं करो. जाताना कबरस्तानाकडनं जाऊ नका, पावसानं खड्ड्याची कड ढासळाय लागलीया.