मागची गाडीवाट

कळमनुरीच्या स्टँडवर अमृतराव मास्तर तिकिटाच्या रांगेत उभे होते, गुडघ्याला चिंधी बांधून. परवा आपण कडा कसा चढलो, हे शाळेत तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. पुढं त्यांचा वाटाड्या सोनाजी आपल्या आत्याशी, जनकाबाईशी बोलत होता.

“मास्तरला कड्यावरून काहून नेलंस रे? मागून गाडीवाट हाय की.”

“अवघड वाट दाव म्हनले. कडा लवकर सरला, म्हून खाली उतरवून दुसऱ्या अंगानं पुन्यांदा चढवलं.”

“त्यांला कळलं न्हाई?”

“न्हाई. वर पोचल्यावर डोळे भरून आले. म्हनले, इथं मानसाचं पाऊल पडलं नसंल.”

“मी तर देवीचा निवद घेऊन बैलगाडीनं कवाच वर पोचले व्हते.”

“म्हून तर तुला धोंड्याआड बसवलं. इतकं चढलेल्या मानसाचं मन कशाला मोडायचं?”

मास्तर खाकरले. सोनाजीनं वळून पाहिलं आणि पटका सारखा केला.

“राम राम, गुरुजी. गुडघा कसा हाय?”

“बरा आहे. सोनाजी, उद्या आमचे हेडमास्तर येणार आहेत. माझ्या चढाईवर त्यांचा विश्वास नाही. स्वतः चढून पाहणार म्हणतात.”

“मग गाडीवाटंनं नेऊ का?”

“नाही. माझ्याच वाटेनं न्या. आणि त्यांना दोनदा खाली उतरवा.”