अण्णानं कापलेली दोरी

जमलेल्या थोरामोठ्यांनो, मायबहिणींनो, आणि समोर बसलेल्या सुमित्राक्का,

माईक हातात आलाय खरा, पण मला बोलायची सवय न्हाई. मी कपडे शिवणारा माणूस. बोलायचं काम शेजारच्या दुकानातून नागनाथअण्णा करायचा, मी ऐकायचो. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. गेल्या सोमवारी पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरता भरता अण्णा बसल्या जागी गेला. मी भिंतीपलीकडं मशीन चालवायलो होतो. मला कळलं बी न्हाई.

तुम्हा सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी त्यानं भरल्यात. पण त्याचा जीव कशात होता, ते बी तुम्हाला ठाऊक हाय. मे महिन्यात आपल्या विहिरी आटल्या, मोटारी बंद पडल्या, की अण्णा मोकळा. पिशवी घ्यायची अन् कारवारकडची बस धरायची. तरुणपणी तिकडं बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला होता, तिथंच मासे धरायचा नाद लागला. कधी खाडीत गळ टाकायचा, कधी ओळखीच्या होडीतून लांब खोल पाण्यात जायचा. पण खरी हौस किनाऱ्याच्या लाटांत उभं राहून गळ फेकायची. तांब्याच्या तारेचं रिकामं रीळ असायचं, त्यावर गळाची दोरी गुंडाळलेली. आपण हसायचो. इथं प्यायला घागर मिळंना, अन् हे निघालं खाऱ्या पाण्याला. अण्णा म्हणायचा, "हाय ना पण पाणी. नुसतं बघितलं तरी बरं वाटतं."

नऊ वर्षांमागं मी त्याच्यासंगं गेलो. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ हाय. मीच सांगितली, हॉटेलात, चहावर, शंभरदा. माझ्या गळाला ही एवढी तांबोशी मासळी लागली, अन् अण्णानं पक्कड काढून माझी दोरी कापली. जळला, म्हणून कापली. तुम्ही हसलात. कुणी कुणी तर त्याला 'जळका अण्णा'च म्हणायलं.

आज त्याचा फोटो समोर हाय. आता खरं सांगतो.

त्या दिवशी सकाळी समुद्र मागं सरला होता. लांब एक खडक उघडा पडला होता. अण्णा म्हणला, "तिकडं जाऊ नको. पाणी फिरलं की वाट राहत न्हाई." मी मान हलवली. पण माझ्या डोक्यात काय होतं सांगू? आपला तलाव. आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात एकदा मागं सरलं की पाऊस पडेपर्यंत तिथं फिरकत न्हाई. त्या गाळात आपण टरबूज लावतो. गेलेलं पाणी त्याच दुपारी परत येतं, हे मला काही पटंना. अण्णा गळाला लावायला कोळंबी आणायला गेला, अन् मी जाऊन खडकावर बसलो.

मासा लागला. मोठा लागला. दोरी हाताला काचायली. मी पुढं बघायलो, अन् पाणी माझ्या मागून भरायलं. अण्णा छातीएवढ्या पाण्यातून माझ्यापर्यंत आला. म्हणला, "सोड." मी म्हणलो, "न्हाई सोडत." दोरी मी मनगटाला गुंडाळली होती. सोडतो म्हणलं तरी सुटली नसती. त्यानं खिशातली पक्कड काढली, दोरी कापली, माझी कॉलर धरली अन् ओढत काठाला आणलं. मागं वळून बघितलं तर खडक दिसंना. मला पोहता येत न्हाई, मंडळी.

अन् काठावर मी पहिलं काय बोललो? "मासा घालवलास माझा."

गावात येऊन बी तेच सांगितलं. कामून? लाज वाटली. दुसरं काय.

अक्का, तुम्ही घरी नवऱ्याला विचारलं होतं, "कामून कापली ओ दोरी?" तो म्हणला, "कापली गेली." महिन्याभरानं मीच त्याला विचारलं, "अण्णा, तू खरं कामून सांगत न्हाईस?" मोटारीतून मान वर न काढता म्हणला, "खरं सांगितलं तर तुझी बायको तुला पुढच्या वर्षी माझ्यासंगं सोडंल का? मला तिकडं एकट्याला करमत न्हाई."

एवढ्यासाठी त्यानं ते नाव सोसलं. अन् मी? परत एकदा बी गेलो न्हाई. दर उन्हाळ्याला तो माझ्या दारात यायचा. "येतूस का रे?" मी म्हणायचो, "लग्नसराई हाय अण्णा, कपडे पडलेत." तो म्हणायचा, "बरं." अन् एकटाच जायचा. आठ उन्हाळे त्यानं विचारलं. कपडे पडलेले असायचे, खोटं न्हाई. पण मी भ्यायलो होतो. एवढं एक वाक्य मला त्याच्यासमोर बोलता आलं न्हाई.

अक्का, तुमचा नवरा जळका नव्हता. त्यानं माझा जीव वाचवला, अन् मी त्याचं नाव घालवलं. माफी त्याला मागायची होती, ती तुम्हाला मागतो. अन् मंडळी, उद्या हॉटेलात ती गोष्ट निघाली तर ही सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

आता सगळे उभे राहू. अण्णासाठी दोन मिनिटं शांत राहू. नऊ वर्षं मी लई बोललो.