ट्रॉलीचा मागचा लाइट

कन्हानच्या एसटीच्या रांगेत मनकर्णाबाईंच्या पुढं एक तरुण जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात मागच्या दुकानातून नुकताच घेतलेला लाइट होता.

"डोंगा नेतो त्या ट्रॉलीले मागं लाइट काहून जी?" बायकोनं विचारलं.

"रिव्हर्स टाकला का पेटते. डोंगा पाण्यात उतरवताना मागचं दिसते."

"आतापर्यंत तर मामाजी मागं उभे राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत."

"अन् अंधारात मीच बाबाच्या पायावर चाक घातलं ना वं."

"तवापासून ते नदीवर आलेच नाही."

"काल सोताच म्हणे, लाइट बसव. मी येतो मागं उभा राहाले."

"खरंच? मंग एकच काहून घेतला?"

"दुसरा कायले?"

"एक पाण्यावर, एक मामाजीवर."

तो मागं वळून दुकानाकडं पाहू लागला.

"जा गा, घेऊन ये," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जागा धराले मी आहो."