सगळ्या अ‍ॅपचा फॉन्ट

मालाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं सॉफ्टवेअरवाले नंबरची वाट बघत होते.

"चारकोपच्या लॅबमधल्या वनमालाताईंनी नोकरी सोडली, रेवती. स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणाल्या."

"अरे, पण फॉन्ट मोठा करायची सोय दिली होती ना आपण? एकदा बदलला की सगळ्या अ‍ॅपमध्ये मोठा."

"दिली होती. सेटिंग्जमध्ये. तिथली अक्षरंही तेवढीच बारीक."

"मग फोन करून विचारायचं ना यार त्यांनी."

"त्यांना वाटलं, आपलेच डोळे गेले."

"आणि आता?"

"काल गेलो आणि सगळीकडे मोठा करून दिला."

"चला, केलास तरी."

"त्यांच्या जागी आलेली मुलगी म्हणाली, सर, एवढी मोठी अक्षरं कुणाला लागतात?"