नीट बांधलेला पुडा

दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक चष्मेवाल्या काकू, दुसरी हाताला फडकं गुंडाळलेली बाई. फडकं रक्तानं भिजलं होतं.

“काय लागलं गं?”

“काच. डेपोत कचरा निवडायला असते मी.”

“हातमोजे नाही देत?”

“दिले होते. फोटो काढला आणि परत घेतले.”

“लोकांनाही अक्कल नाही! मी बघ, ओला वेगळा, सुका वेगळा. एक दिवस चुकत नाही.”

“गाडीत सगळा एकच होतो, काकू. आम्ही तो परत वेगळा करतो.”

“अगं बाई! पण काच तरी मी नुसती टाकत नाही. कालच बरणी फुटली. चार कागदांत गुंडाळली, सुतळीनं बांधली, वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘काच आहे, जपून’.”

“लाल?”

“ठळक दिसावं म्हणून. का गं?”

“काही नाही. वर लाल काहीतरी लिहिलं होतं खरं. मला वाचता येत नाही.”

काकूंनी चष्मा काढला.

“इतकं नीट बांधलेलं आमच्याकडे कधी येत नाही, काकू. मला वाटलं, कुणीतरी आठवणीनं काही दिलंय.”